बदल्या संपल्या, आता एकदाच स्पीकर घ्यायचे आहेत. पंचवीस वर्षं टिकतील असे कसे निवडावेत?

बदलीवाली, इंदिरानगर

नमस्कार मंडळी,

मी बँकेत नोकरी करते. गेल्या अठरा वर्षांत चंद्रपूर, नांदेड, रत्नागिरी, जळगाव अशा बदल्या झाल्या आणि दर वेळी टेम्पोत सामान भरताना पहिली काट बसली ती गाणं ऐकायच्या वस्तूंना. मागच्या दिवाळीत इंदिरानगरला स्वतःच्या घरात आलो. आता निवृत्तीपर्यंत नाशिक सोडायचं नाही असं ठरलंय. म्हणून एक जोडी चांगले स्पीकर घ्यायचे आहेत, एकदाच. मी आज ४४ वर्षांची आहे. सत्तरीत गेल्यावरही घरात हेच वाजत असावेत, एवढीच इच्छा आहे.

टिकण्याचं इतकं मनावर घेतलंय त्याला कारण आहे. २००६ साली पगारातून साठवून एक जोडी घेतली होती. कंपनीचं नाव लिहीत नाही. रत्नागिरीत आठव्या वर्षी एका रविवारी पुसायला म्हणून जाळी काढली, तर मोठ्या स्पीकरची काळी कडा बोट लागताच चुरा होऊन खाली पडली, जळालेल्या कागदासारखी. वाजवून पाहिलं तर नुसती फरफर. कंपनीला फोन केला. उत्तर मिळालं, मॉडेल बंद झालंय, नवीन घ्या. पेट्या धडधाकट, बाकी सगळं जागेवर, आणि बोटभर रुंदीची कडा गेली म्हणून अख्खी जोडी भंगारात. चार महिने ती मी जिन्याखाली ठेवली होती, टाकवत नव्हती.

आता घराचं सांगते. हॉल १७ बाय ११ फूट, उंची साडेनऊ. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स. एका आखूड बाजूला बाल्कनीचं सरकतं काचेचं दार, समोरच्या आखूड बाजूला सलग भिंत. भावाने त्याचा जुना ४० वॅटचा ॲम्प्लिफायर दिलाय, तो ठणठणीत आहे. बजेट सव्वा लाख, ताणून दीड. सकाळी सासूबाईंचे अभंग लागतात, रात्री माझे ख्याल, आणि सुट्टीच्या दिवशी नवऱ्याची जुनी हिंदी गाणी. मोठ्या आवाजात आमच्यात कुणीच ऐकत नाही, वर-खाली शेजारी आहेत.

जमिनीवर उभे राहणारे उंच घ्यावेत की स्टँडवरचे छोटे? ज्यात ॲम्प्लिफायर आतच बसवलेला असतो ते सोयीचे दिसतात, पण इतकी वर्षं ते काढतील का? परदेशी कंपनीचे घेतले तर भाग मिळतात का? आणि दुकानात अर्धा तास ऐकून पुढच्या पंचवीस वर्षांचं ठरवायचं कसं, हे मला सगळ्यात अवघड वाटतंय.

सातपूर_सेकंडशिफ्ट

ताई, आमच्याकडे साउंडबार आहे. टीव्हीलाही चालतो, तारांचं जंजाळ नाही, एवढ्या हॉलला पुरतो. एवढे पैसे घालायच्या आधी एकदा घरी येऊन ऐका, खरंच सांगतो.

बदलीवाली, इंदिरानगर

मनापासून धन्यवाद, टीव्हीसाठी विचार करीन. पण चंद्रपूरला एका खातेदार आजोबांकडे चहाला गेले होते, तिथे दोन छोट्या पेट्यांच्या मधोमध गाणारी बाई बसलीय असं वाटलं होतं. मागे डावीकडे तानपुरा, उजवीकडे तबला. ते अजून डोक्यातून गेलेलं नाही. मला ते हवंय.

रिकोन_सिडको

ताई, तुमची ती जोडी भंगारात जायला नको होती. जी कडा चुरा झाली तिला सराउंड म्हणतात, आमच्या कामात नुसती रिंग. तुमची फोमची होती. मापाची रिंग सुटी मिळते. जुनी खरवडून काढायची, गोंद साफ करायचा, कॉइल (चुंबकात हलणारं तारेचं वेटोळं) बरोबर मध्यावर धरून नवी चिकटवायची आणि रात्रभर सुकू द्यायची. कोन म्हणजे पुढचा हलणारा पडदा, कॉइल, चुंबक सगळं तेच राहतं. तुमच्या शहरात तेव्हा हे सांगणारं कुणी भेटलं नाही, याचं वाईट वाटलं.

मी चौतीस वर्षं स्पीकर दुरुस्त करतोय. आधी रविवार कारंजाजवळ टेबल होतं, आता सिडकोत घरीच करतो. कानाचं ज्ञान मी सांगणार नाही, ते सांगायला इथे दुसरे आहेत. माझ्या टेबलावर काय मरून येतं आणि काय येत नाही तेवढं सांगतो.

सगळ्यात जास्त फोमच्या रिंगा. पॉलियुरेथेनचा फोम हवेतला ओलावा आणि ऊन खाऊन आतून सुटत जातो. दहा-पंधरा वर्षं धरा, कोकणात त्याहून कमी. वाजवा किंवा गुंडाळून कपाटात ठेवा, तो सुटतोच. रबराच्या रिंगचे तीस-चाळीस वर्षांचे वूफर, म्हणजे खालच्या आवाजाचे मोठे स्पीकर, मी हातात धरलेत, रिंग मऊ आणि जिवंत. कापडाची, चुण्यांची आणि वरून चीक लावलेली रिंग तर मी क्वचितच बदलली असेल. म्हणून दुकानात पहिलं काम, जाळी काढायला लावा आणि रिंग कशाची ते विचारा. विक्रेता गडबडला तर स्वतः बघा. फोम स्पंजासारखा बारीक भोकांचा दिसतो, रबर गुळगुळीत असतं.

मग ट्वीटर, वरच्या आवाजाचा छोटा स्पीकर. त्याची कॉइल केसासारख्या तारेची. लोक समजतात मोठ्या ॲम्पने ट्वीटर जळतो. माझ्याकडे जळून येतात ते बहुतेक छोटा ॲम्प शेवटपर्यंत पिळल्यामुळे. ॲम्पची ताकद संपली की लहरीची टोकं कापली जातात, आवाज फाटतो आणि वरच्या पट्टीत नको तेवढी शक्ती जाते. तुम्ही हळू ऐकता, तुम्हाला भीती नाही. पण घरात वाढदिवस असतात, भाचे येतात. तेव्हा लक्ष ठेवा. काही ट्वीटरच्या फटीत चुंबकी तेल भरलेलं असतं, फेरोफ्लुइड म्हणतात. पंधरा-वीस वर्षांनी ते घट्ट होतं आणि एका बाजूचा आवाज मंद पडतो. ते साफ करून पुन्हा भरता येतं, मात्र ट्वीटर उघडणारा असला पाहिजे. काही बंदच असतात.

क्रॉसओव्हरमधले कंडेन्सर. क्रॉसओव्हर म्हणजे वूफर आणि ट्वीटरमध्ये आवाज वाटून देणारी पट्टी. कंडेन्सरचे दोन प्रकार. इलेक्ट्रोलिटिक असेल तर पंचवीस-तीस वर्षांत त्याचं विद्युत माप सरकतं, फिल्मचा असेल तर त्याकडे बघायलाही नको. इलेक्ट्रोलिटिक असला म्हणून स्पीकर नाकारू नका, शे-दोनशे रुपयांचा भाग असतो. क्रॉसओव्हरची पट्टी बाहेर निघते का एवढंच बघा.

पेटीबद्दल एक पाहिलेलं सांगतो. २०१६ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला, दुतोंड्या मारुती बुडाला, सराफ बाजारात, भांडी बाजारात पाणी शिरलं, ते सगळ्यांना आठवत असेल. पाणी उतरल्यावर माझ्याकडे एका आठवड्यात अकरा पेट्या आल्या. भुश्याच्या बोर्डाच्या होत्या त्या फुगून कोपऱ्यात उलल्या, स्क्रू धरेना. एक जोडी प्लायवूडची होती, जुनी. ती सावलीत दीड महिना वाळवली, कागदाचे कोन बदलले, आणि आज त्या घरात ती वाजतेय. तुमच्या हॉलमध्ये पूर येणार नाही. पण पावसाळे पंचवीस येणार आहेत. बोर्ड असला तरी चालेल, सगळ्या कडा, मागची बाजू आणि खालचा तळही व्हिनियरने किंवा रंगाने बंद हवा. तळ उलटा करून बघायला लाजू नका.

आतच ॲम्प असलेल्यांबद्दल. आवाज उत्तम असू शकतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण आतल्या पट्टीवरची एखादी आयसी गेली आणि ती बाजारात नसली की चांगला वूफर, चांगली पेटी असूनही स्पीकर मुका. तुमच्याकडे ॲम्प वेगळा आहे, तो वेगळाच राहू द्या. तो गेला तर तो बदलेल, जोडी राहील.

आणि परदेशी भागांचं. बीबीसीने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत बसून ऐकायला एक छोटा स्पीकर बनवला, एलएस३/५ए. जेमतेम फूटभर उंच, बंद म्हणजे हवेला भोक नसलेली पेटी, पातळ प्लायवूड आणि आतून दाबून बसवलेलं, थरथर शोषणारं डॅम्पिंग. वूफर आणि ट्वीटर केईएफ कंपनीचे. वूफरचा कोन प्लास्टिकचा, रिंग रबराची. बीबीसीने त्याचं माप इतकं काटेकोर लिहून दिलं की परवाना घेऊन रॉजर्स, स्पेंडॉर, हारबेथ अशा वेगवेगळ्या कंपन्यांनी तोच स्पीकर बनवला. पन्नास वर्षं होऊन गेली, लोक अजून ते वापरतात, दुरुस्त करतात, त्याचे भाग अजून बनतात. माझ्याकडे आजवर दोन जोड्या आल्या. एकीचा ट्वीटर लहान मुलाने बोटाने दाबला होता, दुसरीत नुसता तारेचा सुटलेला सोल्डर. बाकी काहीच नाही. मी तुम्हाला तोच घ्या म्हणत नाही, त्याला आता शौकिनांची किंमत आलीय. ज्याची माणसं वर्षानुवर्षं दुरुस्ती करत आलीत, अशा घराण्यातला घ्या. कंपनीला मेल करा: वीस वर्षांपूर्वीच्या तुमच्या अमुक मॉडेलचा वूफर मिळेल का? दोन दिवसांत सरळ उत्तर आलं तर समजा.

खर्जाची_तार, पंचवटी

मी गाणं शिकवते. घरी येणाऱ्या मुलामुलींना तानपुरा जुळवायला शिकवताना जे कान वापरते, तेच तुम्ही स्पीकरला लावा, असं सांगायला लिहितेय.

आपल्याला वाटतं चांगल्या स्पीकरचा खालचा आवाज जमीन हलवणारा हवा. जरा मोजून पाहू. पुरुष गायकाचा काळी एकचा, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीचा, सा धरला तर तो साधारण १३९ हर्ट्झ (सेकंदाला तेवढी कंपनं), आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, ६९. काळी पाचला गाणाऱ्या बाईच्या तानपुऱ्याचा खर्ज ११६-११७च्या आसपास. म्हणजे आपल्या ख्यालाच्या मैफलीत तानपुऱ्याचा तळ सत्तर हर्ट्झला लागतो. त्यातही खर्जाची तार छेडल्यावर जे ऐकू येतं त्यात मूळ कंपनापेक्षा वरचे स्वयंभू स्वरच भरपूर असतात, जवारी म्हणजे तेच. तेव्हा सत्तरपर्यंत स्वच्छ उतरणारा छोटा स्पीकर तुमच्यासाठी अपुरा नाही.

ऐकायला जाल तेव्हा आधी नुसता तानपुरा लावा, पाच मिनिटं. जवारी रेशमासारखी उलगडत गेली पाहिजे. तिच्यात कुठे पत्रा वाजल्यासारखं झालं तर ट्वीटर बोचरा आहे. आज तो चमकदार वाटेल, महिन्याभरात तुम्ही न कळत आवाज कमी करायला लागाल.

मग डग्गा. मनगट दाबून तबलजी डग्ग्याचा स्वर वर चढवतो, तो घसरता स्वर ऐका. ज्या स्पीकरमध्ये एकच खालचा सूर फुगवलेला असतो, त्यात ही मींड हरवते आणि डग्ग्याचा ‘घे’ हा बोल प्रत्येक वेळी सारखाच धुम् वाजतो. दुकानात याच धुम्ला लोक बास म्हणून भुलतात.

तिसरी गोष्ट माझ्या आवडीची आहे. पं. द. वि. पलुसकर आपल्या नाशिकचे, १९२१ सालचा जन्म. १९५५ साली गेले, चौतिशीत. त्यांचं सगळं ध्वनिमुद्रण एकमार्गी, मोनो. ते दोन्ही स्पीकरवर लावलं तर आवाज अगदी मधोमध, एका माणसाच्या तोंडाएवढ्या जागेतून आला पाहिजे. पसरट ऐकू आला, किंवा तान घेताना डावी-उजवीकडे सरकला, तर त्या जोडीतले दोन स्पीकर एकमेकांसारखे नाहीत. जुन्या मुद्रणात खरखर असतेच. चांगला स्पीकर ती लपवत नाही. ती मागे राहते आणि गळा पुढे येतो. वाईट स्पीकरमध्ये खरखर गळ्याला चिकटते.

आणि अर्ध्या तासात ठरवूच नका. एकच जोडी एक तास ऐका, विक्रेत्याशी न बोलता. दोन जोड्यांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवायला सांगा. किंचित मोठा वाजणारा नेहमीच चांगला वाटतो, हे मी स्वतःच्या कानावर कितीतरी वेळा पकडलंय. शक्य असेल तर सासूबाईंना सोबत न्या. ज्या बाईने चाळीस वर्षं रोज सकाळी तेच अभंग ऐकलेत, तिला आवाज बदलला की लगेच कळतं.

मखमलाबाद_नाका

बांधकामात आहे, ध्वनीचं थोडं शिकलोय. वरच्या दोघांनी स्पीकरचं सांगितलं, मी तुमच्या हॉलचं सांगतो, कारण सत्तर-ऐंशी हर्ट्झच्या आसपास आणि खाली तुम्ही स्पीकरइतकीच खोली ऐकत असता.

दोन समांतर भिंतींमध्ये आवाज अडकतो आणि एक सूर फुगतो. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, त्याला अंतराच्या दुपटीने भागायचं. तुमच्या १७ फुटांना ३३ हर्ट्झ येतात, ११ फुटांना ५१, साडेनऊ फूट उंचीला ५९. लांबीचाच दुसरा सूर ६६. आता ३५ हर्ट्झपर्यंत उतरणारा उंच स्पीकर या हॉलमध्ये आणला तर तो हे सगळे सूर जागे करील, आणि टाइल्स-काच-काँक्रीटमध्ये त्यांना शोषणारं काहीच नाही. स्टँडवरचे घ्या. बंद पेटीचे असतील तर आणखी चांगलं, त्यांचा खालचा आवाज हळूहळू उतरत जातो आणि खोली त्याला थोडा आधार देते. ही बंद पेटीची युक्ती १९५४ सालची, अमेरिकेत एडगर व्हिलचरने वूफरला पेटीतल्या हवेचीच स्प्रिंग दिली आणि छोट्या पेटीतून खालचा आवाज काढून दाखवला.

स्पीकर सलग भिंतीकडे ठेवा, बाल्कनीचं दार तुमच्या पाठीशी येऊ द्या आणि त्याला जाड पडदा, चुण्या भरपूर. सोफा पाठीमागे टेकवू नका, दोन-अडीच फूट पुढे ओढा. मध्ये सतरंजी. पुस्तकांचं कपाट असेल तर बाजूच्या भिंतीला.

एक हिशेब मुद्दाम लिहितो. वूफर मागच्या भिंतीपासून २ फुटांवर असला तर भिंतीवरून परतलेला आवाज १४० हर्ट्झला मूळ आवाजाच्या उलट पडतो आणि तिथे खड्डा होतो. खर्जाची_तार ताईंचा काळी एकचा सा बरोबर त्या खड्ड्यात. ३ फुटांवर आणला तर खड्डा ९४ला सरकतो. बाजूच्या भिंतीचं आणि मागच्या भिंतीचं अंतर सारखं ठेवू नका, नाहीतर एकाच खड्ड्यावर दोघं मिळून खणतात.

४० वॅट पुरतील का, तर हो. ८४ डेसिबलचा स्पीकर म्हणजे १ वॅटला १ मीटरवर ८४. शक्ती दुप्पट केली की ३ वाढतात, ४० वॅटला १६. आठ फुटांवर पाच-सहा कमी होतात, दोन स्पीकरमुळे तीन परत येतात. तुमच्या खुर्चीत ९५च्या वर जाईल. शेजारी त्याच्या आधी बेल वाजवतील.

फ्लॉइड टूल नावाच्या शास्त्रज्ञाने कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये पडद्याआड स्पीकर ठेवून लोकांना ऐकवलं. स्पीकर दिसेना झाल्यावर बहुतेकांची पसंती एकाच जातीकडे गेली: समोरून सपाट, म्हणजे सगळे सूर सारख्याच जोरात देणारा, आणि बाजूला सरकलं तरी रंग न बदलणारा. तुम्ही हे घरी करू शकता. ऐकताना सोफ्याच्या टोकाला सरका, उभ्या राहा, स्वयंपाकघरात जा. गळा तोच राहिला पाहिजे. आणि शक्य तिथे डोळे मिटून ऐका.

स्टँड विकत घेऊ नका. अंबडला कुठल्याही फॅब्रिकेटरकडे लोखंडी चौकोनी पाइपचे करून घ्या, आत कोरडी चाळलेली वाळू, खाली कडप्पा. ट्वीटर तुमच्या कानाच्या उंचीला आला पाहिजे, बसून मोजा.

बदलीवाली, इंदिरानगर

दीड महिन्याने लिहितेय, उशिराबद्दल माफी. मार्चअखेर होता.

सासूबाईंना घेऊन सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडली आणि मुंबईत दोन ठिकाणी तीन जोड्या ऐकल्या. पेनड्राइव्हवर तानपुरा, पलुसकर, आईंचे दोन अभंग. पहिली जोडी ऐकताच मी खूश झाले, टाळ न् टाळ सुटा ऐकू येत होता. चाळीस मिनिटांनी लक्षात आलं की मी दोनदा आवाज कमी करायला सांगितला होता. दुसरी उंच, देखणी, पण डग्ग्याचे सगळे घे एकसारखे. तिसरी आवडली, बंद पेटीची छोटी होती, रिंग रबराची. बजेटच्या वर पासष्ट हजार. आई बाहेर आल्यावर म्हणाल्या, "पहिल्यात बुवा ओरडत होते, शेवटच्यात गात होते." मला त्यांचं हे बोलणं सगळ्या मोजमापांइतकंच मोलाचं वाटलं.

त्यानंतर खर्जाची_तार ताईंनी निरोप दिला की देवळाली कॅम्पमध्ये एक निवृत्त गृहस्थ मुलीकडे परदेशी कायमचे जात आहेत आणि त्यांची स्पेंडॉरची छोटी जोडी द्यायची आहे, १९९०च्या दशकाच्या शेवटची, पहिल्यापासून त्यांच्याच घरात. त्या कंपनीचं नाव म्हणजे स्पेन्सर आणि डोरोथी या नवरा-बायकोच्या नावांची जोडणी, आणि स्पेन्सर ह्यूज बीबीसीतलेच, हेही त्यांनीच सांगितलं. पंचवीस वर्षं वापरलेली वस्तू पुढच्या पंचवीस वर्षांसाठी घेणं हा वेडेपणा आहे का? रिकोन काका, तुम्ही बघायला याल का? रिक्षाचं, वेळेचं सगळं मी देईन.

रिकोन_सिडको

रविवारी येतो. पैशाचं नंतर. वेडेपणा नाही. नव्याची पंचवीस वर्षं कशी जातील ते कुणी सांगू शकत नाही, याची कशी गेली ते मी हात लावून सांगू शकतो.

तोवर वाचणाऱ्यांसाठी, जुनी जोडी घेताना मी काय करतो. दोन्ही हातांची बोटं कोनवर समोरासमोर ठेवून अलगद आत दाबायचं आणि कान जवळ न्यायचा, घासल्याचा आवाज यायला नको. मल्टिमीटरने दोन्हींचा रोध बघायचा. ८ ओहमच्या स्पीकरला तो आठाच्या बराच खाली दिसतो, घाबरायचं नाही, दोन्हींचा एकमेकांशी जुळला पाहिजे. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून दोन्ही कोन एकाच दिशेला उसळतात का ते पाहायचं. कुणीतरी मध्येच उघडून तारा उलट्या जोडलेल्या मी बऱ्याचदा पकडल्यात. नाक आत घालून जळका वास. स्क्रूच्या खाचा झिजलेल्या असतील तर विचारायचं, कुणी उघडला आणि का.

बदलीवाली, इंदिरानगर

जोडी घरी आली. पंच्याहत्तर हजार.

काकांनी देवळालीला दोन तास घालवले. रिंग रबराची, मऊ. दोन्हींचा रोध दशांशापर्यंत जवळपास सारखा. एक कंडेन्सर काढून मोजला, त्याच्यावर छापलेल्या मापाच्या जवळ निघाला, म्हणून परत तसाच बसवला. "बिघडलं नाही त्याला हात लावायचा नाही," म्हणाले. मोजलेले आकडे आणि तारीख एका कागदावर लिहून मागच्या बाजूला चिकटवलाय, म्हणजे दहा वर्षांनी जो कुणी उघडेल त्याला काय बदललं ते कळेल. ते गृहस्थ आम्ही पेट्या गाडीत ठेवताना गेटपर्यंत आले. जाळ्या दिवसा लावून ठेवा, पश्चिमेचं ऊन कोनवर पडू देऊ नका, एवढंच त्यांनी सांगितलं.

स्टँड अंबडला केले, दोन्हींचे मिळून बेचाळीसशे. वाळू गॅलरीत चार दिवस वाळवली.

सुरुवातीला मी स्पीकर भिंतीपासून दोन फुटांवरच ठेवले होते, कारण चालायला जागा हवी. पलुसकर लावले. सगळं छान, पण सा किंचित पोकळ, तो लागायचा आणि त्याच्यावर बसता येत नव्हतं. मग नवऱ्याने आणि मी एक-एक पेटी उचलून फूटभर पुढे आणली. तीच ओळ पुन्हा लावली. सा भरला. आई आत पोळ्या करत होत्या, त्या हातात उलथणं घेऊन बाहेर आल्या आणि उभ्याच राहिल्या. आता टाइल्सवर स्टँडच्या चार कोपऱ्यांना चिकटपट्टीच्या खुणा केल्यात, केर काढताना हलले तरी जागेवर ठेवता येतात. हॉलमधून जाताना जरा वळसा पडतो.

रोज सकाळी सहाला अभंग. रात्री दहानंतर मी.

खर्जाची_तार, पंचवटी

पडदे लागले का? आणि एकदा तानपुरा घेऊन येते, खरा आणि तुमच्या पेट्यांमधला, दोन्ही शेजारी ऐकून बघू.

बदलीवाली, इंदिरानगर

पडदे पुढच्या आठवड्यात लागतील. शनिवारी चारनंतर या, पेट्यांमधला तानपुरा काळी पाचचा लावून ठेवते. काकांनाही सांगितलंय.